बाळ हट्टी नाही, ठेकेदार हट्टी आहे

परवा सांगवीतल्या आमच्या वस्तीतली एक लेक रडत आली. बाळ तीन महिन्यांचं. ठेकेदाराचा निरोप, "सोमवारी चाकणला कामावर ये, नाहीतर दुसरी ठेवतो." घरात पावडरचा डबा आणला, पण बाळ थुंकून टाकतंय. सासूबाई म्हणतात, बाळ हट्टी आहे.

नाही हो आजी. त्याला आईच्या दुधाची सवय आहे. आधी आईचंच दूध स्वच्छ हातांनी काढून, उकळलेल्या वाटीत झाकून गार जागी ठेवा. चार तास टिकतं. बाळ भुकेने रडायच्या आधी तुम्ही किंवा बाळाच्या वडिलांनी वाटी-चमच्याने पाजा. बाटली नको, जबरदस्ती नको. पावडर द्यावीच लागली तर पाणी उकळा आणि डब्यावरचं माप पाळा. डबा पुरवण्यासाठी दूध पातळ केलं तर बाळ कुपोषित होतं. लघवी कमी झाली, बाळ मलूल दिसलं, तर लगेच दवाखाना गाठा.

पण खरं दुखणं वेगळंच आहे. मागच्या वर्षभरात 80 दिवस काम भरलेल्या बाईला, ती कंत्राटी असली तरी, पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची पगारी रजा हा कायदा आहे. कामावर परतल्यावरही बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन वेळा सवड मिळते. 1928 साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेब प्रसूती रजेच्या विधेयकाच्या बाजूने उभे राहिले होते. तो हक्क आपण ठेकेदाराच्या एका निरोपावर सोडायचा का?

ताई, एकटी जाऊ नकोस. विहारात ये, अर्ज मिळून लिहू. जयभीम.