गोचीड काढल्यानंतरचा महिना

मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली कीं आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हटकून असतो : कुत्र्याच्या अंगावर गोचिड्या झाल्या आहेत, त्या कशा काढाव्या? या खेपेच्या टपालांतील एका भगिनीचें पत्र मात्र थोडें निराळें आहे. त्यांनीं गोचीड काढली आहे, तिला चार दिवस होऊन गेले आहेत, त्या जागीं हरभऱ्याच्या डाळीएवढी गांठ उरली आहे, आणि आतां पुढें काय करावें, असें त्यांनीं विचारलें आहे. आमच्या मतें खरा प्रश्न हाच होय. गोचीड ओढून फेकली म्हणजे काम संपलें अशी जी सर्वत्र समजूत आहे, तिच्यापायीं कित्येक चांगले कुत्रे हकनाक दगावतात.

पूर्वी आपल्या घरांत कुत्र्याचा संबंध अंगणापुरता असे. वैश्वदेवाच्या वेळीं त्याच्या नांवाचा घास बाहेर पडे, दत्तप्रभूंच्या तसबिरींत चार श्वानांस मानाची जागा असे, पण प्रत्यक्ष कुत्रा उंबऱ्याच्या आंत येत नसे. आतां तो मुलांच्या पांघरुणांत निजतो. यांत वावगें कांहीं आहे असें आम्ही मानीत नाहीं. मात्र जो घरांत आला त्याच्या अंगावरचे सोबतीही घरांत आले, हें गृहिणीनें ओळखून असावें.

गोचीड हा कीटक नव्हे. ढेकूण, पिसू, ऊ यांना सहा पाय असतात. पूर्ण वाढलेल्या गोचिडीला आठ असतात, आणि तिचें गोत्र कोळी व विंचू यांचें. आपल्याकडील कुत्र्यांवर बहुधा आढळते ती तपकिरी गोचीड होय. शास्त्रांत तिला ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस म्हणतात. रक्त पिऊन टम्म झालेली मादी करड्या रंगाची, थेट एरंडाच्या बीसारखी दिसते. हें साम्य आपल्यालाच दिसलें असें नाहीं. लॅटिन भाषेंत गोचिडीला रिसिनस म्हणत, आणि त्यावरूनच एरंडालाही तें नांव पडलें. असो. हिच्या तोंडाचा भाग करवतीसारखा असून त्याचे दांते मागें वळलेले असतात, शिवाय लाळेंतील चिकट द्रव्यानें ती स्वतःला कातडीशीं जणूं सिमेंटनें जखडून घेते. म्हणून ती हिसका मारून येत नाहीं, आणि आली तरी तोंड आंत ठेवून येते.

काढण्याची रीत थोडक्यांत सांगतों. बारीक टोकाच्या चिमट्यानें तिला कातडीच्या अगदीं लगत धरावें आणि न पिळतां, न झटकतां, सारख्या जोरानें सरळ वर ओढावें. रॉकेल टाकणें, जळती काडी लावणें, तेल किंवा व्हॅसलिन चोपडणें हे घरोघरचे उपाय सर्वथा त्याज्य समजावे. त्यांनीं गोचीड चिडते व अधिक लाळ आंत सोडते, आणि रोगाचें बीज असतें तें त्या लाळेंतच. काढलेली गोचीड नखावर चिरडूं नये. झाकणाच्या लहान बाटलींत स्पिरिट घेऊन तींत ती टाकावी. ही बाटली लगेच फेकूं नका. पुढें वैद्यास दाखविण्यास ती उपयोगी पडते.

आतां जखमेविषयीं. साबण व कोमट पाणी यांनीं ती जागा धुऊन कोरडी करावी आणि पोव्हिडोन-आयोडीनचा बोळा फिरवावा. डोळ्याच्या कडेची जखम असेल तर मात्र तेथें कोणतेंही जंतुनाशक घरीं लावूं नये. हळदीवर आमची श्रद्धा कोणापेक्षां कमी नाहीं, पण केंसाळ अंगावर तिचा लेप बसत नाहीं, घाण धरून राहतो, आणि कुत्रा तो चाटून चाटून जागा ओली व लाल करतो. चाटणें थांबेना तर गळ्यांत घालावयाचा प्लॅस्टिकचा शंकूसारखा पट्टा मिळतो, तो दोन-तीन दिवस घालावा. कुत्र्याला तो आवडत नाहीं. मुलांना त्याची दया येते व तीं तो हळूच काढून टाकतात. येथें थोडें कठोर व्हावें.

तोंडाचा काळा ठिपका आंत राहिला तर सुई घेऊन उकरूं नये. शरीर तो आपोआप बाहेर टाकतें. उकरल्यानें मात्र जखम पिकते. पत्र लिहिणाऱ्या भगिनीनें विचारलेली गांठही याच जातीची. गोचिडीच्या लाळेवर कातडी रुसते, त्यामुळें लहानशी टणक गांठ येते, आणि ती आठवडा-दोन आठवडे राहते. ती मोठी होत गेली, ऊन लागूं लागली, पू धरूं लागला किंवा बोट लागतांच कुत्रा अंग काढून घेऊं लागला, तरच ती दाखवावी. एरवीं तिची चिंता नको.

चिंता करावयाची ती निराळ्याच गोष्टीची. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत चार वर्षांचा एक उमदा कुत्रा होता. आषाढांत त्याच्या कानामागच्या दोन गोचिड्या काढल्या. जखम आठवड्यांत अशी भरली कीं जागा सांपडेना. पुढें कांहीं दिवसांनीं त्यानें दूध-भाकरी अर्धी टाकली. हवा कोंदट आहे, असें सर्व म्हणाले. दुसऱ्या दिवशीं तो जिना चढेना. कुणीसा म्हणालें, वय होत चाललें. पांचव्या दिवशीं फरशीवर नाकांतून रक्ताचे थेंब पडले तेव्हां धांवाधांव झाली. वैद्यांनीं पहिला प्रश्न केला कीं याच्या अंगावरील गोचीड केव्हां काढली होती. त्याचें उत्तर घरांत कोणापाशींच नव्हतें. रक्त गोठविणाऱ्या कणांची संख्या फार उतरली होती, उपचारास उशीर झाला होता, कुत्रा वांचला नाहीं. घरांतील धाकटी मुलगी अजून त्याचा पट्टा कोणास टाकूं देत नाहीं.

हा रोग एर्लिकिया नांवाच्या सूक्ष्म जंतूपासून होतो. अल्जीरियांतील कुत्र्यांत १९३५ सालीं तो प्रथम ओळखला गेला. गोचीड चावल्यापासून साधारण आठ ते वीस दिवसांत तो प्रकट होतो, म्हणजे जखमेची आठवण बुजल्यावर. कधीं तो वरवर निवळतो आणि महिन्यांनीं अधिक भयंकर रूपानें उलटतो. दुसरा रोग बबेशियाचा. त्याचे जंतू रक्ताच्या तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतात. जनावरांच्या रक्तांतील असे जंतू बाबेश नांवाच्या संशोधकानें १८८८ सालीं रुमानियांत पाहिले, आणि ते गोचिडीमार्फत पसरतात हें अमेरिकेंत थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न यांनीं १८९३ सालीं गुरांच्या तापावरून सिद्ध केलें. तिसरा एक रोग असा कीं तो गोचीड चावून नव्हे, तर कुत्र्यानें ती गिळल्यानें होतो. म्हणून काढलेली गोचीड त्याच्यापुढें जमिनीवर टाकूं नये.

बबेशियाचा जंतू आंत उतरण्यास गोचीड बहुधा दोन-तीन दिवस चिकटून असावी लागते. एर्लिकियाला मात्र कांहीं तासही पुरतात. तेव्हां लवकर काढली म्हणून पूर्ण निर्धास्त राहतां येत नाहीं. आमची सूचना एवढीच कीं, गोचीड काढल्याबरोबर भिंतीवरील दिनदर्शिकेंत त्या तारखेस खूण करावी, व तेथून पुढें महिनाभर कुत्र्याकडे रोज दोन मिनिटें लक्ष द्यावें. त्यानें घास टाकला काय? फिरावयास नेतांना मागें राहतो काय? वरचा ओठ उचलून हिरड्या पाहाव्या. त्या गुलाबी असाव्या, बोटानें दाबून सोडल्यास दोन सेकंदांत रंग परत यावा. फिकट हिरड्या, हिरडीवर किंवा पोटाच्या कातडीवर लाल ठिपके, जबड्याखालीं सुजलेल्या गांठी, नाकांतून रक्त, कोऱ्या चहासारखी गडद लघवी, यांपैकीं कांहींही दिसलें तर संध्याकाळची वाट न पाहतां पशुवैद्यांकडे जावें. कुत्र्याचें अंग आपल्यापेक्षां मुळांतच ऊन असतें. १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हें त्याचें निरोगी मान. हात लावून ताप ठरवूं नये, त्याच्यासाठीं वेगळा तापमापक ठेवावा.

वैद्य रक्त तपासतील. पहिल्या तपासणींत कांहीं सांपडलें नाहीं तरी लक्षणें कायम असल्यास ती पुन्हां करावी लागते, कारण आरंभीं रोगाची खूण रक्तांत उमटलेली नसते. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन हें औषध गुणकारी असून तें सुमारें चार आठवडे द्यावें लागतें. दोन-तीन दिवसांत कुत्रा उड्या मारूं लागतो आणि घरचे लोक औषध थांबवितात. तसें होऊं देऊं नये. त्याहून वाईट खोड म्हणजे आपल्या फडताळांतील तापाची गोळी कुत्र्यास देणें. आयबुप्रोफेन तर त्याच्या पोटाला व मूत्रपिंडांना विषच आहे. गोठ्यांतील गुरांसाठीं आणलेलें गोचिडीचें औषध अंदाजानें पाण्यांत कालवून कुत्र्याच्या अंगाला चोळणेंही तितकेंच धोक्याचें. गोचिडी लागूंच नयेत म्हणून आतां महिना ते तीन महिने टिकणाऱ्या गोळ्या व मानेवर सोडावयाचे थेंब मिळतात. कुत्र्याचें वजन करून वैद्यांच्या सांगण्याप्रमाणें ते वापरावे.

घराचें काय? अंगावर सांपडते ती थोडी. बाकीची घरांत असते. मादी पोट भरलें कीं खालीं उतरते आणि भिंतीच्या भेगेंत, चौकटीच्या फटींत, पलंगाच्या सांध्यांत हजारों अंडीं घालते. पिलें व मोठ्या गोचिड्या उपाशीपोटीं महिनोन्‌महिने दम धरतात. कुत्र्याचें अंथरूण कढत पाण्यांत धुऊन उन्हांत वाळवावें, फटी बुजवाव्या, कोपरे झाडून तो केर घराबाहेर न्यावा; आणि हेंच दोन-तीन आठवड्यांनीं पुन्हां करावें, कारण पहिल्या वेळीं राहिलेलीं अंडीं तेव्हां फुटलेलीं असतात. कान, बोटांच्या बेचक्या, पट्ट्याखालची मान, कांखा, शेपटीचें मूळ, या जागा रोज चांचपाव्या. हें काम मोठ्या मुलांकडे देण्यास हरकत नाहीं, पण गोचीड सांपडल्यास ती त्यांनीं न काढतां मोठ्यांस हांक मारावी. याच गोचिडीपासून माणसांनाही एक पुरळाचा ताप येतो. काढल्यावर साबणानें हात धुवावे, आणि घरांतील कोणास पंधरवड्यांत ताप व पुरळ आल्यास डॉक्टरांना गोचिडीची गोष्ट अवश्य सांगावी. ती आपण होऊन त्यांच्या ध्यानीं येईलच असें नाहीं.

ज्यांच्या घरीं मांजरही आहे त्यांनीं एक गोष्ट विशेष जपावी. कुत्र्याच्या कित्येक औषधांत परमेथ्रिन असतें. कुत्र्याला तें सोसतें, मांजराचा तें जीव घेतें. तसें औषध लावलें असल्यास तें पुरतें वाळेपर्यंत दोघांना एका खोलींत निजूं देऊं नये, आणि कुत्र्याचे उरलेले थेंब मांजराच्या मानेवर कधींही सोडूं नयेत.