फुकटच्या जेवणाची किंमत

परभणीहून पणजी फार दूर आहे; तरीही कापूस-सोयाबीनचा पैसा हाती आला की मित्रांच्या संगतीने मांडवीवरील तरंगत्या कॅसिनोंची वाट धरणारे लोक आपल्याही भागात आहेत. त्यांपैकी एका गृहस्थांनी परवा खिशातून एक चकचकीत कार्ड काढून दाखविले. "सर, जेवढे खेळावे तेवढे गुण यावर जमतात. जेवण फुकट, पुढच्या खेपेस खोलीही फुकट. हरलो तरी काहीतरी पदरात पडतेच!" या 'काहीतरी'चा हिशेब एकदा मांडणे मला अगत्याचे वाटते.

रुलेटच्या एका शून्याच्या चाकावर ३७ घरे असतात. मात्र अचूक आकडा लागला तरी नफा मिळतो तो ३५ पट. त्यामुळे लावलेल्या प्रत्येक १०० रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे मालकाच्या पेटीत जातात. चाकावर दोन शून्ये असली तर हाच आकडा ५ रुपये २६ पैशांवर जातो. समजा, एखाद्याने दर डावाला ५०० रुपये लावून तासाला ४० डाव याप्रमाणे चार तास खेळ केला. एकूण ८०,००० रुपये लागले आणि एका शून्याच्या चाकावरही सरासरी २,१६० रुपये गेले. सामान्यतः कार्डावरील सवलत ठरते ती याच अपेक्षित तोट्यावरून, आणि त्याचा काही अंशच परत मिळतो. तो चौथा हिस्सा धरला तरी ५४० रुपयांचे ताट झाले. २,१६० रुपये देऊन ५४० रुपयांचे जेवण घेणाऱ्यास आपण बाजारात शहाणा म्हणू काय?

यावर कोणी म्हणेल, "ज्याला खेळायचेच आहे, त्याने मिळते ते का सोडावे?" युक्तिवाद अगदीच खोटा नाही. ठरावीक रक्कम घेऊन जाणारा आणि ती संपताच उठणारा मनुष्य असेल, तर त्याच्यापुरती ती तोट्यातील किरकोळ सूट आहे. परंतु त्याने वेळेवर उठू नये यासाठीच तर हे कार्ड जन्माला आले आहे! आणखी थोडे खेळलात तर वरची पायरी, फार दिवस आला नाहीत तर पायरी खाली. अमेरिकेतील हॅराज कंपनीने १९९७ साली आपल्या सर्व कॅसिनोंना जोडणारे असे कार्ड काढले. कोण किती वेळ बसतो, किती लावतो आणि कोणत्या आमिषाने परत येतो, याची नोंद त्यातून मालकाला मिळू लागली. कार्ड खिशात आपल्या असते, वही मात्र त्याची असते.

आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. गोवा सरकारने २०२० साली गोमंतकीयांना कॅसिनोंत प्रवेशबंदी केली. आपल्या घरच्यांसाठी जे घातक मानले, ते बाहेरच्यांसाठी खुले राहिले. आणि ते बाहेरचे म्हणजे आपण! महाराष्ट्रात १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही, आणि २०२३ साली मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. मांडवीवरील दिवे मात्र पेटलेलेच आहेत.

"आपल्या चर्चच्या सणाला हाऊजी चालते, मग हे का नको?" असाही प्रश्न येतो. ख्रिस्तसभेची धर्मशिकवण नशिबाच्या खेळाला मुळातच अन्याय्य ठरवीत नाही. स्वतःच्या व इतरांच्या गरजांसाठी आवश्यक असलेले जेव्हा त्यात जाते, तेव्हा तो नैतिकदृष्ट्या अमान्य ठरतो, असे ती सांगते. हाऊजीचे तिकीट घेणारा संध्याकाळी हसत घरी जातो. पुढच्या रविवारी आला नाही म्हणून त्याची पायरी कोणी उतरवीत नाही.

त्या गृहस्थांना मी एवढेच विचारले, "या कार्डावर जमलेले गुण तुम्ही दाखविलेत, पण घरून नेलेली आणि परत आणलेली रक्कम कोठे लिहून ठेवली आहे काय?" ते गप्प राहिले. वाचकहो, ज्या घरात असे कार्ड आले असेल, तेथे कार्डावर राग न काढता शेजारी एक साधी वही ठेवा. गेलेला पैसा एका बाजूस, मिळालेले ताट दुसऱ्या बाजूस. पेरणीचे बियाणे आणि मुलांची फी कोणत्या बाजूस गेली, हे ती वहीच सांगेल.