चिन्ह तेच, अर्थ निराळा

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने संगणकावर लिहावे, हा काहींना आगाऊपणा वाटेल. पण मला सांगायचे आहे ते भाषांतराविषयीच.

मामांना एक लाख रुपयांचे कर्ज काढायचे होते. व्याज दरसाल १२ टक्के, फेड १२ मासिक हप्त्यांत. हप्त्याच्या सूत्रात मासिक दरात एक मिळवून त्याचा बारावा घात काढावा लागतो. एक्सेलमध्ये मांडलेले हे सूत्र मी जावास्क्रिप्ट या संगणकभाषेत जसेच्या तसे उतरवले. हप्ता आला १,०८३ रुपये. म्हणजे लाखाचे कर्ज १३,००० रुपयांत फिटले! मामा हसून म्हणाले, "अगं, ही पेढी कुठे आहे ते सांग, सारा गाव रांगेत उभा राहील."

चूक माझी होती. एक्सेलमध्ये घात दाखवणारे टोपीसारखे चिन्ह जावास्क्रिप्टमध्ये दोन संख्यांचे द्विमान अंक ताडून पाहते. त्यामुळे १.०१ चा बारावा घात १.१२६८ ऐवजी १३ आला. हिंदीतली 'शिक्षा' तशीच मराठीत आणली की शाळेचा तुरुंग होतो, त्यातलाच हा प्रकार. पायथनमध्ये घातासाठी दोन तारका लिहितात. जावास्क्रिप्टनेही २०१६ मध्ये त्या स्वीकारल्या. चिन्ह बदलताच खरा हप्ता मिळाला: ८,८८४ रुपये ८८ पैसे.

ढोबळ चूक हसण्यावारी जाते. खरी भीती लहान चुकीची. हप्ता महिनाअखेरीस द्यायचा असताना सूत्रात तो महिन्याच्या आरंभी धरला, तर उत्तर येते ८,७९६ रुपये ९१ पैसे. हा आकडा कुणालाही खोटा वाटणार नाही. पण वर्षाअखेर सुमारे १,११६ रुपये बाकी निघते, आणि ती भरायची कर्जदाराने.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की सूत्राचे भाषांतर करणाऱ्याला त्याचा अर्थ कळला पाहिजे आणि उत्तर दुसऱ्या वाटेने पडताळता आले पाहिजे. ही वाट आपल्या आजोबांच्याही परिचयाची आहे. वही घ्यावी, दरमहा व्याज मिळवावे, हप्ता वजा करावा. अखेरीस बाकी शून्य आली, तर भाषांतर खरे.

त्या रात्री मामांनी बारा ओळी मांडल्या. बाकी दोन पैशांच्या आत आली, तेव्हाच त्यांनी अर्जावर सही केली.