केशरी कार्ड आहे, मग धान्य का मिळत नाही?

रेशनच्या कामासाठी तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत गेलेल्यांना एक शब्द हमखास ऐकावा लागतो: इष्टांक. ‘कागदपत्रे बरोबर आहेत, पण इष्टांक शिल्लक नाही,’ एवढे सांगून माणूस परत पाठवला जातो. हा इष्टांक म्हणजे नेमके काय?

मुळात कार्डाचा रंग आणि धान्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिवळे, केशरी, पांढरे ही विभागणी राज्यात १९९९ मध्ये आली. स्वस्त धान्य मात्र २०१३च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार मिळते: अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. केशरी कार्डधारक प्राधान्य कुटुंबाच्या यादीत नसेल, तर त्याला या धान्यातला दाणाही मिळत नाही.

या यादीत शिरायला दोन अडथळे. पहिला उत्पन्नाचा. वार्षिक मर्यादा शहरात ५९ हजार, ग्रामीण भागात ४४ हजार रुपये. ५९ हजार म्हणजे महिन्याला पाच हजारांहूनही कमी, तेही अख्ख्या घराचे! चार घरची धुणीभांडी करणारी बाई आणि तिचा वॉचमन नवरा यांची मिळकत यात बसवायची, तर दाखल्यावर खोटा आकडाच हवा. सरकारनेच ठरवलेले किमान वेतन घेणारा कामगार सरकारच्याच यादीत ‘गरीब’ ठरत नाही. ही मर्यादा वाढवायलाच हवी.

पण नुसती मर्यादा वाढवून भागणार नाही, कारण दुसरा अडथळा इष्टांकाचा. केंद्राने राज्याला सुमारे ७ कोटी लाभार्थ्यांची कमाल संख्या ठरवून दिली आहे. ती २०११च्या जनगणनेवर बेतलेली: ग्रामीण भागातील ७६.३२ टक्के, शहरांतील ४५.३४ टक्के लोक. हीच संख्या पुढे जिल्हे-तालुक्यांत वाटली जाते. २०२१ची जनगणना झालीच नाही. त्यानंतर पनवेल, वसई-विरार, पिंपरी-चिंचवड किती फुगले हे वेगळे सांगायला नको. इष्टांकाच्या हिशेबात ती माणसे जन्मलेलीच नाहीत.

म्हणजे कुणाचे तरी नाव कमी झाल्याशिवाय नवे नाव चढत नाही. ई-केवायसीचा आग्रह या दृष्टीनेही पाहावा लागतो. मयत आणि दुबार नावे निघायलाच हवीत. पण ई-पॉस मशीनवर ज्यांचे ठसे उमटत नाहीत, ते बहुधा म्हातारे आणि हाताने राबणारेच असतात.

मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा अशा १४ जिल्ह्यांतील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांसाठी वेगळी योजना होती. तिथे २०२३ पासून धान्याऐवजी खात्यात पैसे देण्याचे ठरले. आधी माणशी दीडशे, २०२४ पासून १७० रुपये. त्यात पाच किलो बरा गहू येतो का, ते किराणा दुकानात विचारून पाहावे.

अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा आणि अर्जाची पोच जपून ठेवा. यादीत नाव असूनही धान्य मिळत नसेल, तर कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असतो. त्याच्या निर्णयावर राज्य अन्न आयोगाकडे अपील करता येते. हक्काचे धान्य दिले गेले नाही, तर अन्न सुरक्षा भत्ता मागण्याची तरतूदही याच कायद्यात आहे.