पेटी, परीक्षा आणि पोरं

परीक्षांचे फॉर्म भरायचे दिवस आले की आमच्या गावातल्या संगीत क्लासची पायरी आयांनी गजबजून जाते. प्रत्येकीचा प्रश्न एकच, ''सर, या वेळी प्रवेशिकेला बसवताय ना?'' मुलाला वाजवायला आवडतं का, घरी आपणहून पेटी उघडतं का, हे फारसं कुणी विचारत नाही. शास्त्रीय संगीताच्या परीक्षा पास झाल्या की दहावीला वाढीव गुण मिळतात, हे कळल्यापासून तर ही घाई फारच वाढलीय.

गुण मिळावेत, माझी ना नाही. खेळाडू मुलांना मिळतात, मग यांनी काय घोडं मारलंय? पण त्यासाठी सात वर्षांच्या पोराच्या मानगुटीवर बसून तेच ते राग घोटून घ्यायचे आणि दहावीचा निकाल लागला की पेटी माळ्यावर टाकायची, हे काही मला पटत नाही.

खरं तर या परीक्षांमागचा माणूस आपल्यासारख्याच छोट्या गावातला. विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झाले, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला गेले. पुढे 5 मे 1901 रोजी त्यांनी थेट लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणं-वाजवणं हे बैठकीतून आणि दरबारातून उठून चारचौघांच्या घरात यावं, हा त्यांचा ध्यास. पाठ्यक्रम, वर्ग, परीक्षा हे सगळं त्यासाठी. 1931 मध्ये त्यांच्या पश्चात शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं आणि आज प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षा गावोगावी होतात. म्हणजे घरात संगीत यावं म्हणून परीक्षा आली. आणि आपल्याकडे परीक्षा आली, संगीत दाराबाहेरच राहिलं!

आता पेटीचंच बघा. सहा-सात वर्षांच्या मुलाचा डावा हात भात्यापर्यंत नीट पोचत नाही. मग ते वाकडं बसतं, खांदा दुखतो, रडतं. आपण म्हणतो, ''लक्षच नाही मेल्याचं!'' अगं, त्याला जरा पाटावर बसव की. नाहीतर तू समोर बस आणि भाता तू हलव, त्याला नुसती बोटं फिरवू दे. माझ्या ओळखीची एक जण असंच करते. लेक वाजवते आणि ही भाता हलवता हलवता तिच्याबरोबर सारेगम म्हणते. आता तिला स्वतःलाही चार भजनं वाजवता येतात.

बरोबर म्हणणं फार महत्त्वाचं. पेटीत सूर आयता मिळतो. पट्टी दाबली की सा हजर! त्यामुळे मूल कानानं ऐकायचं सोडून डोळ्यांनी बोटं बघत बसतं. चांगले शिक्षक म्हणूनच आधी गाऊन घेतात, मग वाजवायला देतात. ज्या क्लासमध्ये पहिल्या महिन्यातच सिनेमाचं गाणं बसवून देतात, तिथं आईनं खूश न होता जरा विचार करावा.

तबल्याचंही तसंच. आधी हातानं टाळी-खाली देत तीनतालाच्या सोळा मात्रा मोजता आल्या पाहिजेत. त्याला तबला लागत नाही, पोळ्या लाटता लाटताही ते होतं. आणि रोज पंधरा मिनिटं. रविवारी दोन तास बसवून काही उपयोग नाही. बोटं दुखतात आणि मूल वैतागतं, एवढंच.

आणखी एक गोष्ट मनाला टोचते. मुलीला पेटी आणि मुलाला तबला, ही वाटणी कुणी केली? आमच्या वस्तीतली आठ वर्षांची एक पोर डब्यांवर, पाटावर, हाताला लागेल त्यावर सुरेख ठेका धरते. तिची आजी म्हणते, ''पोरीच्या जातीनं मांडी घालून काय तबला बडवायचा?'' आबान मिस्त्री यांनी तबल्यावर उभं आयुष्य काढलं, स्वतंत्र वादन केलं, त्यावर ग्रंथ लिहिले. अनुराधा पाल तर देशोदेशी वाजवतात. हे सगळं सांगून झालं. आजी ऐकून घेते, चहा देते आणि पुन्हा तेच म्हणते. पोरीची आई मात्र आता डळमळायला लागलीय. मी पाठपुरावा सोडलेला नाही.

पाहुण्यांसमोर ''वाजवून दाखव बरं'' म्हणून मुलांना उभं करण्याबद्दलही लिहायचं होतं. पण ते घरोघरी चालतं, नव्यानं काय सांगू!

खर्चाचा प्रश्न खराच आहे. नवी पेटी सगळ्यांना परवडत नाही. मूल टिकेल की नाही याचीही खात्री नसते. पण मैत्रिणींनो, आपल्या जवळपास प्रत्येक गावात भजनी मंडळ आहे. देवळातल्या कपाटात त्याची पेटी, तबला-डग्गा कुलूपबंद असतो. एकादशीला बाहेर निघतो, पुन्हा आत जातो. मधल्या दिवसांत मुलांना का देऊ नये? ''पोरं मोडतील'' ही भीती मी समजू शकते. पण न वाजवताही पेटी खराब होतेच, कसर लागते, भाता फाटतो.

आमच्या भजनी मंडळात मी हा विषय काढला. दोघी-तिघींनी नाकं मुरडली, बाकीच्या तयार झाल्या. शनिवारी दुपारी चार ते पाच, एका वेळी चार मुलं आणि प्रत्येकाबरोबर घरातलं एक मोठं माणूस, असं ठरलंय. किल्ली पुजारीकाकूंकडे राहील. पेटीच्या दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत, तेवढ्या आधी दुरुस्त करून घ्यायच्यात.