एकदा चालायला तरी सांगायचं होतं

आदरणीय डॉक्टरसाहेब,

तुमच्या ज्ञानाबद्दल मला आजही आदर आहे, म्हणूनच हे पत्र लिहिताना जास्त त्रास होतोय. मल्टिपल स्क्लेरोसिसचं निदान तुम्हीच केलंत. वारंवार येणारे झटके थांबले तेही तुमच्याच औषधांनी. पण त्यानंतर प्रत्येक भेटीत तुम्ही एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरलीत, नवा डाग नाही म्हणालात आणि फायलीवर ‘स्थिर’ लिहिलंत. मी स्थिर नव्हते. डावा पाय घासत होता. चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नव्हतं. वर्ग वरच्या मजल्यावर, जिना चढवेना, म्हणून शाळा सोडली. हे सांगितलं की तुम्ही म्हणायचात, “या आजारात चालणं मंदावतंच, ताई.”

त्यासाठी गोळी आहे, हे मला कळलं फिजिओथेरपीला येणाऱ्या एका तरुण रुग्णाकडून! डॅलफॅम्प्रिडीन. अमेरिकेत तिला जानेवारी २०१० मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडेही ती मिळते. मज्जातंतूवरचं मायलिनचं आवरण गेलं की उघड्या पडलेल्या भागातून पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि मेंदूचा निरोप पायापर्यंत पोचायच्या आत विरतो. ही गोळी त्या वाटा बुजवते. हे मी तुम्हाला सांगावं लागतंय, याचंच दुःख आहे.

विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, “त्यानं रोग थोडाच बरा होतो?” रोग बरा होत नाही, हे मी निदान झालं तेव्हाच पचवलं होतं. मला फक्त बसथांब्यापर्यंत जायचं होतं.

गोळी जादूची नाही, तेही मी वाचलंय. २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत ती घेणाऱ्यांपैकी ३५ टक्के रुग्णांचा वेग टिकून वाढला, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ८ टक्के होतं. ज्यांना लागू पडली त्यांचा वेग सरासरी पाव पटीनं वाढला. म्हणजे बहुतेकांना उपयोग नाहीच. मूत्रपिंड अधू असेल किंवा पूर्वी फिट आली असेल तर ती देतच नाहीत. दहा मिलिग्रॅम, बारा तासांच्या अंतरानं. मात्रा वाढली तर फिटचा धोका वाढतो. तुम्ही हे सगळं समोर मांडून “तुम्हाला नको” म्हणाला असतात, तर मी मुकाट्यानं ऐकलं असतं. तुम्ही विषयच काढला नाहीत. माझ्या पायांबद्दलचा निर्णय मला न विचारता होऊन गेला.

आणि पडताळायला किती सोपं! पंचवीस फूट अंतर आणि स्टॉपवॉच. आधी एकदा चालवायचं, गोळी सुरू करून दोनेक आठवड्यांनी पुन्हा चालवायचं; फरक नसेल तर बंद. तुमच्या केबिनबाहेरचा पॅसेज याहून लांब आहे. त्यात तुम्ही मला एकदाही चालवून पाहिलं नाहीत.

आता दुसऱ्या डॉक्टरांनी क्रिएटिनिन तपासून गोळी लिहून दिली आहे. लागू पडेल की नाही, माहीत नाही. नाही पडली तरी माझी तक्रार हीच राहील.

तुमच्या दवाखान्यात भिंतीला हात लावत आत येणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत. त्यांना खुर्ची दाखवण्याआधी जरा चालायला सांगा. या गोळीबद्दलही सांगा, आणि द्यायची नसेल तर का नाही तेही.

आपली,
एक जुनी रुग्ण