विश्लेषण : इमोजीतला लेख, उलटी चित्रफीत, कोरा कागद... चिनी नेटकरी सेन्सॉरला कसे चकवतात? ते आता कठीण का झाले?

इंटरनेटवर प्रणयकथा लिहिणाऱ्या तरुणींना चीनमध्ये पोलीस ठाण्यात बोलावले जात आहे. समाजमाध्यमांवरील कोट्या आणि सांकेतिक शब्दांविरोधात तेथे ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारी मोहीम सुरू झाली. १५ जुलै २०२५ पासून राष्ट्रीय ऑनलाइन ओळखक्रमांकाचे नियम लागू झाले. या तीन घडामोडी वेगवेगळ्या दिसतात, पण त्यांचा रोख एकच आहे. सेन्सॉरने शब्द पुसायचा आणि नेटकऱ्यांनी नवा शब्द शोधायचा, असा खेळ चीनमध्ये दीड दशकाहून अधिक काळ चालला. आता यंत्रणेचे लक्ष शब्दाइतकेच तो लिहिणाऱ्याकडेही वळले आहे.

१० मार्च २०२० रोजी काय घडले?

करोनाच्या सुरुवातीच्या काळातला हा दिवस चिनी इंटरनेटच्या इतिहासात वेगळा आहे. वुहान सेंट्रल हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागाच्या प्रमुख डॉ. आय फेन यांची मुलाखत ‘रेनवू’ या मासिकाने त्या दिवशी प्रसिद्ध केली. डिसेंबर २०१९ च्या अखेरीस एका रुग्णाच्या अहवालावरील ‘सार्स’ या उल्लेखाभोवती लाल वर्तुळ काढून आय यांनी तो सहकाऱ्याला पाठवला होता. फिरत फिरत तो त्याच रुग्णालयातील नेत्रतज्ज्ञ डॉ. ली वेनलियांग यांच्यापर्यंत गेला. ली यांनी ३० डिसेंबरला वीचॅटवरील वर्गमित्रांच्या गटात इशारा दिला. ३ जानेवारीला पोलिसांनी त्यांच्याकडून समजपत्रावर सही घेतली आणि ७ फेब्रुवारीला करोनानेच त्यांचा मृत्यू झाला. जगाने ली यांना जागल्या म्हटले. आपण शिट्टी वाजवणाऱ्या नसून ती इतरांच्या हाती देणाऱ्या आहोत, असे आय यांचे मुलाखतीतले म्हणणे होते.

त्याच दिवशी अध्यक्ष क्षी जिनपिंग वुहानच्या दौऱ्यावर होते. मुलाखत काही तासांत गायब झाली. मग लोकांनी ती पुन्हा टाकायला सुरुवात केली. आधी जशीच्या तशी, ती पुसली गेल्यावर शेवटच्या अक्षरापासून उलटी, नंतर रोमन लिपीत. पुढे इमोजीत, मोर्स कोडमध्ये, हाडांवर कोरलेल्या प्राचीन चिनी लिपीत आणि ‘स्टार ट्रेक’मधल्या क्लिंगॉन या काल्पनिक भाषेतही.

यातली इमोजीची आवृत्ती मी उघडून पाहिली. मूळ लेख ज्याने वाचलेला नाही, त्याला त्यातून काहीही कळणार नाही. चिनी येणाऱ्यालाही बहुधा नाही. म्हणजे माहिती पोहोचवणे हा त्या आवृत्तीचा हेतू राहिलाच नव्हता. ‘तुम्ही काय पुसले ते आम्ही पाहिले आहे’ एवढेच तिला सांगायचे होते.

पुसण्याचे काम नेमके कोण करते?

चिनी सेन्सॉरशिप म्हटले की ‘ग्रेट फायरवॉल’ आठवते. फेसबुक आणि ट्विटर २००९ पासून बंद आहेत, गूगलने २०१० मध्ये चीनमधील शोधसेवा गुंडाळली, विकिपीडियाच्या सर्व भाषांतील आवृत्त्या २०१९ पासून दिसत नाहीत. पण ही भिंत बाहेरचे आत येऊ न देण्यासाठी आहे. वेइबो, वीचॅट, डोयिन भिंतीच्या आत आहेत आणि तेथील मजकुराची जबाबदारी कायद्याने कंपनीवरच टाकली आहे. आक्षेपार्ह मजकूर राहून गेला तर कंपनीला दंड होतो, सेवा काही काळ बंद करावी लागते. गरजेपेक्षा जास्त पुसले तर काहीच होत नाही. मग कंपन्या कोणत्या बाजूला चुकतील, हे उघड आहे.

नक्की काय पुसले जाते, याचे उत्तर मात्र अपेक्षेपेक्षा वेगळे आहे. हार्वर्डचे गॅरी किंग, जेनिफर पॅन आणि मार्गारेट रॉबर्ट्स यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की सरकारवरची टीका अनेकदा तशीच राहते. लोक एकत्र येऊन काही करतील अशी शक्यता ज्या मजकुरात असते, तो प्राधान्याने काढला जातो, मग तो सरकारच्या बाजूचा का असेना. याच संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार सरकारतर्फे वर्षाला सुमारे ४४ कोटी ८० लाख बनावट पोस्ट टाकल्या जातात. त्यांतही वाद घालण्यापेक्षा विषय बदलण्यावर भर असतो.

तांत्रिक बाजू साधी आहे. मजकुरातला शब्द सर्व्हरवरील यादीशी जुळवला जातो. चित्राचे काय? टोरंटो विद्यापीठातील सिटिझन लॅबने २०१९ मध्ये दाखवले, की वीचॅट चित्राचा ‘एमडी५ हॅश’ काढून तो बंदी घातलेल्या चित्रांच्या यादीशी ताडते. हॅश म्हणजे फाइलचा ठसा. ज्यांनी कधी प्रोग्राम लिहिला आहे त्यांच्या हे लगेच लक्षात येईल, की फाइलमधला एक बिंदू जरी बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. चित्र आडवे करणे, कडेला रेघ ओढणे, चित्रफीत आरशासारखी उलटवणे या क्लृप्त्या त्यामुळेच चालतात. अर्थात काही काळच. नवी आवृत्ती सापडली की तिचा ठसाही यादीत जातो. पाठवणाऱ्याला तर बहुतेक वेळा कळतही नाही. त्याच्या पडद्यावर संदेश गेलेला दिसतो, समोरच्याला तो कधीच मिळत नाही.

चिनी भाषेचा यात काय हात?

मोठा हात आहे. मँडरिनमध्ये सूर सोडले तर साधारण ४०० अक्षरध्वनी आहेत आणि चित्राक्षरे हजारो. त्यामुळे एकाच उच्चाराची वेगवेगळी अक्षरे मुबलक सापडतात. आपल्याकडे कोटी करणे ही गप्पांच्या फडातली करमणूक. चिनी नेटकऱ्यांसाठी ती रोजची गरज झाली.

हू जिंताव यांच्या काळात ‘सुसंवादी समाज’ ही सरकारी घोषणा होती. मजकूर पुसला गेला की लोक उपरोधाने ‘माझा लेख सुसंवादी झाला’ म्हणू लागले. मग ‘सुसंवादी’ हा शब्दही अडवला जाऊ लागला, तेव्हा जवळपास तोच उच्चार असलेला ‘नदीतला खेकडा’ आला. २००९ मध्ये या खेकड्याशी लढणारा ‘गवत-चिखल-घोडा’ नावाचा काल्पनिक प्राणी जन्मला. त्याचे नाव वेगळ्या सुरात उच्चारले की आईवरून दिलेली शिवी होते. त्याच्यावर गाणी आणि व्यंगचित्रे निघाली. १९८९ च्या तिआनानमेन हत्याकांडाची तारीख, ४ जून, लिहिता येत नाही म्हणून लोकांनी ‘३५ मे’ लिहिले. २०१८ मध्ये ‘मी टू’ हा हॅशटॅग अडवला गेल्यावर ‘भात’ आणि ‘ससा’ अशी दोन चित्रे आली. चिनीत भाताला ‘मी’ आणि सशाला ‘तू’ म्हणतात.

यंत्रणेचा धसका किती, याचे एक उदाहरण कुणी रचून सांगितले असते तर खरे वाटले नसते. ४ जून २०१२ रोजी शांघाय शेअर बाजाराचा निर्देशांक ६४.८९ अंकांनी घसरला. १९८९, सहावा महिना, चौथा दिवस! झाले, वेइबोवर ‘शांघाय निर्देशांक’ हे शब्द शोधणेच बंद करण्यात आले. त्याच सुमारास मेणबत्तीचे चित्रही गायब झाले.

मराठी वाचकाला हे अगदीच परके नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. महाभारतातल्या कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसत होता. इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली ती १९१० मध्ये. रूपकाला तेव्हा तीन वर्षे मिळाली. वेइबोवर ती मुदत काही तासांची असते.

चाहत्यांनीच तक्रार केली तेव्हा...

सेन्सॉरविरुद्ध सगळे नेटकरी एका बाजूला असतात, हा समज २०२० मध्येच मोडला. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ (एओथ्री) हे चाहत्यांनी लिहिलेल्या कथांचे परदेशी संकेतस्थळ. आदल्याच वर्षी त्याला विज्ञान-कल्पित साहित्यातला ह्युगो पुरस्कार मिळाला होता. चीनमधील असंख्य हौशी लेखक तेथे लिहीत, कारण देशातल्या संकेतस्थळांवर समलिंगी प्रेमकथा टिकत नव्हत्या. ‘द अनटेम्ड’ या २०१९ मधील गाजलेल्या मालिकेचा नायक शाओ झान याच्यावर तेथे एक कथा आली. त्यातील त्याचे चित्रण बदनामीकारक वाटल्याने त्याच्या चाहत्यांनी सरकारकडे तक्रारींचा मारा केला. २९ फेब्रुवारीला एओथ्री चीनमध्ये बंद झाले.

एका कथेवरचा राग लाखो कथांवर निघाला. चिडलेल्या लेखक-वाचकांनी शाओ ज्यांची जाहिरात करत होता त्या उत्पादनांवर बहिष्कार टाकला. गंमत म्हणजे ती मालिकाही मुळात दोन पुरुषांच्या प्रेमकथेवरच बेतलेली होती. पडद्यावर त्या प्रेमाची मैत्री करण्यात आली होती. तक्रारीची खिडकी प्रत्येकाच्या फोनमध्ये दिली, की सेन्सॉरचे निम्मे काम भांडखोर चाहते फुकटात करतात.

पुसलेले जपून ठेवणाऱ्यांचे काय झाले?

आय फेन यांच्या मुलाखतीसारखे पुसले गेलेले लेख काही तरुण गिटहबवर साठवत होते. गिटहब ही प्रोग्रामरांची जागा. चीनने २०१३ मध्ये ती काही दिवस बंद केली, तेव्हा तिथल्या सॉफ्टवेअर क्षेत्रातून ओरड झाली आणि बंदी उठली. (भारतानेही २०१४ च्या अखेरीस दहशतवादी मजकुराच्या कारणावरून ३२ संकेतस्थळे रोखली होती, त्यात गिटहब होते. तीही बंदी लवकरच मागे घ्यावी लागली.) उद्योगाला गिटहब लागते आणि त्यातले एक पान तेवढे रोखता येत नाही, कारण रहदारी कूटबद्ध असते. भिंतीतली ही फट तंत्रज्ञानाने दिलेली होती.

फट बुजवली गेली नाही. एप्रिल २०२० मध्ये हा संग्रह चालवणाऱ्या दोन तरुणांना बीजिंगमध्ये ताब्यात घेण्यात आले. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांना ‘भांडण उकरून काढणे आणि गोंधळ माजवणे’ या गुन्ह्याखाली १५ महिन्यांची शिक्षा झाली.

कोरा कागद आणि त्यानंतर...

२०२२ च्या शांघाय टाळेबंदीत ‘एप्रिलचे आवाज’ ही सहा मिनिटांची चित्रफीत आली. शहराचे करडे दृश्य आणि त्यावर उपाशी, आजारी, रडणाऱ्या रहिवाशांचे खरे आवाज. ती पुसली जात राहिली आणि लोक ती आडवी, उलटी, व्यंगचित्रांत घुसवून टाकत राहिले. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला उरुमचीत इमारतीला आग लागून १० जणांचा मृत्यू झाला, तेव्हा विद्यार्थी कोरा ‘ए४’ कागद हातात धरून उभे राहिले. शिंग्हुआ विद्यापीठात काहींनी भौतिकशास्त्रातले फ्रीडमनचे समीकरण धरले, नावातल्या ‘फ्री’साठी. इंटरनेटवर तर लोक नुसतेच ‘छान छान छान’ लिहू लागले. काही दिवसांतच करोना निर्बंध सैल झाले.

पुढे पोलीस कोऱ्या कागदामागच्या माणसांच्या घरी गेले. आंदोलनाच्या चित्रफिती जगापुढे आणणारा ‘शिक्षक ली’ हा चिनी चित्रकार इटलीत राहतो. आपल्या अनुयायांची चीनमध्ये चौकशी होत असल्याचे त्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितले. त्याला हात लावता येत नव्हता, त्याला वाचणाऱ्यांना लावता येत होता.

आता नेमके काय बदलले?

खऱ्या नावाची नोंदणी २०१७ च्या सायबर सुरक्षा कायद्याने सक्तीची झालीच होती. एप्रिल २०२२ पासून वेइबोवर प्रत्येक पोस्टशेजारी लिहिणाऱ्याचा प्रांत किंवा देश दिसतो. परदेशातून टीका करणाऱ्याला मग इतर वापरकर्तेच घेरतात. नव्या राष्ट्रीय ओळखक्रमांकामुळे कंपन्यांकडे कमी माहिती जाईल आणि नागरिकांची गोपनीयता जपली जाईल, असे सरकार सांगते. कागदोपत्री तो ऐच्छिक आहे. मात्र वेगवेगळ्या ॲपवरील एकाच व्यक्तीची खाती त्यातून एका सरकारी दोऱ्यात ओवली जातील, ही टीकाकारांची भीती आहे. कोट्यांविरुद्धच्या मोहिमेचे कारण शुद्ध भाषा आणि मुलांवरील संस्कार असे देण्यात आले.

सर्वाधिक फटका ज्यांचा राजकारणाशी संबंध नाही अशांना बसतो आहे. ‘दानमेई’ म्हणजे पुरुषांमधील प्रेमाच्या कथा. लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या बहुतेक स्त्रिया. देशात जागा उरली नाही म्हणून अनेक जणी ‘हायतांग’ या तैवानच्या संकेतस्थळावर लिहीत होत्या. २०२४ मध्ये आन्ह्वे प्रांतातील जिशी या छोट्या परगण्याच्या पोलिसांनी आणि २०२५ मध्ये लानझोऊच्या पोलिसांनी त्यांच्यावर कारवाई केली. परप्रांतात राहणाऱ्या लेखिकाही त्यातून सुटल्या नाहीत. दंडाच्या पैशांसाठी स्थानिक पोलीस अशी दूरवर जाळी टाकतात, असा लोकांचा संशय आहे. या प्रकाराला नेटकऱ्यांनी ‘खोल समुद्रातली मासेमारी’ असे नाव दिले आहे. बीबीसीने जून २०२५ मध्ये दिलेल्या वृत्तानुसार, किमान ३० लेखिकांना अटक झाली आणि त्यातल्या बहुतेक विशीतल्या आहेत.

कारवाई अश्लील साहित्य विकून नफा कमावल्याच्या कलमाखाली होते. किती कमावले आणि कथा किती वेळा उघडली गेली यावर गुन्ह्याचे गांभीर्य ठरते. हे निकष इंटरनेट नवे होते तेव्हाचे आहेत. आज कोणतीही बरी कथा काही तासांत त्यांच्या पलीकडे जाते. २०१८ मध्ये अशाच एका लेखिकेला साडेदहा वर्षांची शिक्षा झाली होती.

येथे खेकडा किंवा भात-ससा कामाला येत नाही. पोलीस मजकुरातला शब्द शोधत नाहीत, ते मोबदल्याची बँकेतील नोंद शोधतात. अटकेबद्दलचा हॅशटॅग वेइबोवर तीन कोटींहून अधिक वेळा पाहिला गेला आणि मग काढला गेला. लेखिकांना कायदेशीर सल्ला देणाऱ्या पोस्टही पुसल्या गेल्या.